देवनागरी फॉन्ट निर्मिती

देवनागरी फॉन्ट निर्मिती म्हणजे देवनागरी अक्षरांच्या वळणाविषयीची एखादी दृश्य कल्पना संगणक, भ्रमणध्वनी व छपाई यांवर चालणाऱ्या पूर्ण अक्षरसंचात उतरवण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत सुलेखन, रेखांकन, भाषेचे ज्ञान आणि संगणकीय नियमलेखन या चारही गोष्टींचा संबंध येतो. कागदावर काढलेली पाच-सहा सुंदर अक्षरे ही केवळ संकल्पना असते. तेच वळण स्वर, व्यंजने, मात्रा, अंक, विरामचिन्हे आणि शेकडो जोडाक्षरे यांत टिकून राहिले आणि कोणत्याही मराठी वाक्यात अक्षरे आपापल्या जागी बसली, तरच त्या संकल्पनेचा फॉन्ट झाला असे म्हणता येते. उपयोजित कला, दृश्यसंवाद आणि माध्यमरचना यांच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय संकल्पनेपासून पूर्ण अंकीय कृतीपर्यंतच्या प्रवासाचे एक चांगले उदाहरण मानला जातो.

संज्ञा आणि फरक

अक्षरांशी संबंधित तीन कामांत नेहमी गल्लत होते. सुलेखनात अक्षर हाताने व लेखणीच्या ओघात लिहिले जाते, त्यामुळे एकाच ओळीतील दोन ‘क’ थोडे वेगळे असू शकतात. अक्षरांकनात एखादे शीर्षक किंवा नाव त्या एका प्रसंगासाठी रेखाटले जाते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (१९३५–२०२०) यांची शीर्षके हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे अक्षरे विशिष्ट क्रमाने येणार हे आधीच माहीत असते, म्हणून एका अक्षराची वेलांटी शेजारच्या अक्षरावर छत्रीसारखी नेता येते.

फॉन्टमध्ये ही सोय नसते. फॉन्टकाराला कोणते अक्षर कोणाशेजारी येईल हे ठाऊक नसते. प्रत्येक आकृती इतर सर्व आकृत्यांच्या शेजारी शोभली पाहिजे आणि वाचक ते अक्षर हजार वेळा पाहील हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे उत्तम अक्षरांकन करणाऱ्याला उत्तम फॉन्ट करता येईलच असे नाही. फॉन्टमधील प्रत्येक स्वतंत्र आकृतीला ‘ग्लिफ’ म्हणतात. एका वर्णासाठी अनेक ग्लिफ असू शकतात, तसेच अनेक वर्ण मिळून एक ग्लिफ होऊ शकतो.

पार्श्वभूमी

धातूचे खिळे

मराठी मुद्रणाच्या इतिहासात जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले देवनागरी खिळे पुढे अनेक दशके सुबक अक्षराचा मानदंड ठरले. खिळ्यांच्या काळात अक्षर, मात्रा आणि रफार हे जुळारी हाताने जुळवत असे. कोणती मात्रा कोठे बसवायची याचे ज्ञान जुळाऱ्याच्या बोटांत होते. आजच्या फॉन्टमध्ये हेच ज्ञान नियमांच्या रूपाने लिहून ठेवावे लागते.

टंकलेखन यंत्र आणि ओळजुळणी यंत्र आल्यावर देवनागरीवर कळांच्या संख्येची मर्यादा आली. लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावर ९० कळा असत आणि देवनागरीची सर्व जोडाक्षरे त्यांत मावणे शक्य नव्हते. त्यामुळे यंत्राला सोयीचे व्हावे म्हणून लिपीच सोपी करण्याचे प्रस्ताव पुढे आले. विनायक दामोदर सावरकर यांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी ही त्याच काळातील लिपिसुधारणेच्या विचाराचा भाग होती. देवनागरी मुद्राक्षरांचा हा इतिहास बापूराव नाईक यांनी आपल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने मांडला आहे.

संगणकाचा आरंभीचा काळ

संगणकावर मराठी आणण्याच्या कामात पुणे आणि मुंबई ही दोन शहरे आघाडीवर होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान विकसित केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी ही आज्ञावली मराठी प्रकाशनव्यवसायात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. मात्र व्यवहारातील बरेच फॉन्ट आपापल्या खासगी संकेतांवर चालत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळात टंकलिखित झालेला बराच मराठी मजकूर आजही रूपांतराशिवाय शोधता येत नाही.

युनिकोड आणि मंगल

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. युनिकोडने वर्ण आणि त्याची आकृती यांची फारकत केली. मजकुरात फक्त वर्ण साठवायचे आणि ते कसे दिसावेत हे फॉन्टने ठरवायचे, हे त्यामागील तत्त्व आहे. यामुळे लिपी यंत्राला जुळवून घेण्याऐवजी यंत्राला लिपीशी जुळवून घेणे शक्य झाले. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट या बदलाचा भारतभर दिसलेला पहिला मोठा परिणाम होय. त्याचे रचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार, कवी आणि शिक्षक होते. जाहिरातक्षेत्रात काम केल्यानंतर त्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले आणि पुढे अनेक भारतीय लिप्यांसाठी फॉन्ट तयार केले.

निर्मितीची प्रक्रिया

हेतू आणि संकल्पना

फॉन्टचे काम हेतूपासून सुरू होते. पाठ्यपुस्तकाचा मजकूर, वृत्तपत्राचे मथळे, भ्रमणध्वनीचा पडदा, रस्त्यावरील फलक आणि चित्रपटाचे शीर्षक या प्रत्येकाची गरज वेगळी असते. लहान आकारात वाचल्या जाणाऱ्या फॉन्टमध्ये अक्षरांतील पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक बुजतो. मथळ्याच्या फॉन्टमध्ये जाडी व नाट्य यांना अधिक वाव असतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे दोन फॉन्ट येथे तुलनेसाठी उपयोगी आहेत. ‘मुक्ता’ हा दीर्घ मजकुरासाठी मोकळ्या पोकळ्यांचा, संयत वळणाचा आहे. ‘मोदक’ मात्र इतका फुगीर आहे की अक्षरांतील पोकळ्या केवळ बारीक रेघांएवढ्या उरतात, आणि म्हणून तो मोठ्या आकारातच वापरायचा असतो.

बोरू आणि वळण

देवनागरीची जाड-बारीक रेषा बोरूच्या टोकाच्या तिरप्या कापामुळे येते. देवनागरीसाठीचा हा काप रोमन लिपीच्या टाकाच्या उलट कोनात असतो, म्हणून जाडीचा भार उलट बाजूला पडतो. रोमन फॉन्टमधील रेषांचे तुकडे उचलून देवनागरी अक्षरे बनवली की ती परकी वाटतात, त्याचे एक कारण हेच आहे. यामुळे रचनाकार फॉन्ट पूर्णतः एकजाड रेषेचा करणार असला तरी आधी बोरूने अक्षरे गिरवणे उपयुक्त मानले जाते. रेषा कोठे सुरू होते, कोठे वळते आणि कोठे संपते याचा क्रम हाताला समजल्याशिवाय आकाराचा तोल साधत नाही.

बीजाक्षरे आणि आकारगट

सर्व अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने काढली जात नाहीत. प्रथम मोजकी बीजाक्षरे काढून त्यांत शिरोरेषेची जाडी, उभ्या दंडाची जाडी, अक्षराची उंची, गोलाईचा प्रकार आणि रेषांचे शेवट ठरवले जातात. त्यानंतर समान अवयवांच्या आधारे इतर अक्षरे तयार होतात. ‘व’ साधला की ‘ब’ आणि ‘क’ यांचा पाया मिळतो. ‘प’ वरून ‘ष’ व ‘फ’, ‘र’ वरून ‘स’ व ‘ख’, तर ‘ट’ वरून ‘ठ’ व ‘ढ’ यांच्याकडे जाता येते. मात्र अवयव जसाच्या तसा चिकटवून चालत नाही. ‘व’च्या पोटात तिरपी रेघ ओढून ‘ब’ केला की पोकळी लहान होते आणि अक्षर काळे दिसते, म्हणून गोल किंचित मोठा करावा लागतो.

उभ्या दंडाच्या जागेवरून व्यंजनांचे तीन गट पडतात, आणि पुढील जोडाक्षरांच्या कामासाठी ही वर्गवारी निर्णायक ठरते:

• अंत्य दंडाची अक्षरे: ग, घ, च, त, न, प, म, य, व, स इत्यादी. दंड काढला की त्यांचे अर्धे रूप मिळते.
• मध्य दंडाची अक्षरे: क आणि फ. त्यांची उजवीकडील गोलाई आखूड करून अर्धे रूप करतात.
• दंड नसलेली किंवा अपुऱ्या दंडाची अक्षरे: ट, ठ, ड, ढ, द, ह, र, छ, ळ इत्यादी. ती पुढील व्यंजनाला वरखाली जोडावी लागतात, विशेष रूप द्यावे लागते किंवा हलन्त दाखवावी लागतात.

रेखांकनाचे अंकीकरण

कागदावरील अक्षर संगणकावर आणताना त्याची बाह्यरेषा बिंदू आणि वक्ररेषा यांच्या साहाय्याने आखली जाते. ग्लिफ्स, फॉन्टलॅब आणि मुक्त स्रोत असलेले फॉन्टफोर्ज या आज्ञावल्या त्यासाठी वापरल्या जातात. अक्षराची चौकट साधारणपणे १,००० एककांची धरली जाते. वक्राच्या सर्वांत उंच, खालच्या, डाव्या व उजव्या टोकांवर बिंदू ठेवणे आणि एकूण बिंदू कमीत कमी राखणे हा चांगल्या अंकीकरणाचा नियम आहे. छायाचित्रावरून आपोआप रेषा काढून घेतल्यास बिंदूंची गर्दी होते आणि पुढे जाडी बदलणे जवळजवळ अशक्य होते.

शिरोरेषा हा देवनागरीतील वेगळा प्रश्न आहे. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा केवळ एकमेकींना टेकवल्या तर पडद्यावर त्यांच्यात बारीक फट दिसू शकते. म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या ठरलेल्या रुंदीच्या किंचित बाहेर नेली जाते आणि शेजारच्या रेषेवर थोडी चढवली जाते.

अक्षरांतर

दोन अक्षरांतील अंतर मोजपट्टीने समान ठेवले तर ते डोळ्याला समान दिसत नाही. ‘र’च्या खाली उजवीकडे मोकळी जागा राहते, तर ‘म’ उभ्या दंडामुळे भरीव दिसतो. ओळ दुरून पाहिली असता करड्या रंगाची एकसमान पट्टी दिसावी, हा येथील निकष असतो. अंतर हा शेवटी करायचा सोपस्कार नाही. बीजाक्षरांच्या टप्प्यावरच त्यांचे शब्द जुळवून ते तपासले जाते, कारण अक्षराचा आकार आणि त्याभोवतालची जागा एकमेकांवर अवलंबून असतात.

जोडाक्षरे

मराठीत ‘क’ ते ‘ळ’ अशी ३४ व्यंजने धरल्यास दोन व्यंजनांच्या जोड्याच गणिताने १,१५६ होतात. त्यांतील बऱ्याच जोड्या भाषेत येत नाहीत, तर काही परभाषेतील नावांमुळे अचानक येतात. कोणती जोडाक्षरे स्वतंत्रपणे रेखाटायची आणि कोणती अर्ध्या रूपावर सोडायची, हा फॉन्टकाराचा महत्त्वाचा निर्णय असतो. मराठी मजकुरासाठी ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’, ‘द्य’, ‘द्ध’, ‘द्व’, ‘ह्म’, ‘ह्य’, ‘ष्ट’, ‘ट्ट’ यांची सुबक रूपे अपेक्षित असतात. संस्कृत ग्रंथांसाठी ही गरज अनेक पटींनी वाढते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने संस्कृत अभ्यासासाठी प्रसिद्ध केलेल्या ‘शोभिका’ या फॉन्टमध्ये १,६०० हून अधिक देवनागरी ग्लिफ आहेत. त्याचा देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’ या फॉन्टवर आधारलेला आहे.

मात्रा आणि नियमलेखन

रेखांकन पूर्ण झाल्यावर ग्लिफ कधी व कोठे वापरायचे याचे नियम ओपनटाइप या स्वरूपात लिहिले जातात. त्यांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. एका प्रकारात एका आकृतीच्या जागी दुसरी आकृती येते, तर दुसऱ्यात आकृतीची जागा ठरते. हे नियम अमलात आणण्याचे काम संगणकातील अक्षरजुळणी यंत्रणा करते.

‘मूर्ती’ हा शब्द घेतल्यास संगणकात म, दीर्घ ऊकार, र, हलन्तचिन्ह, त आणि दीर्घ वेलांटी असा क्रम साठवलेला असतो. ‘र’नंतर हलन्तचिन्ह व व्यंजन आल्यामुळे यंत्रणा त्याला रफार म्हणून ओळखते आणि त्या अक्षरगटाच्या शेवटी नेते. तेथे वेलांटी आधीच आहे. म्हणून दोन्ही एकमेकांवर आदळू नयेत यासाठी फॉन्टमध्ये वेलांटी व रफार यांची जोडआकृती द्यावी लागते. त्यावर अनुस्वार आला, तर तिसरी आकृती लागते.

ऱ्हस्व वेलांटीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दात ती ‘क्’ व ‘त’ यांच्यानंतर साठवली जाते, पण दिसते त्यांच्या आधी. शिवाय तिची कमान ‘त’च्या दंडापर्यंत पोहोचली पाहिजे. ‘चि’मधील कमान आखूड असते, ‘क्ति’मधील लांब. एकच वेलांटी सर्वत्र वापरल्यास ती कोठे अर्ध्यात तुटलेली दिसते, तर कोठे पुढच्या अक्षरावर झुकते. चांगल्या फॉन्टमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक वेलांट्या असतात आणि अक्षरगटाच्या रुंदीनुसार योग्य ती निवडली जाते.

चाचणी

फॉन्टची चाचणी वर्णमाला छापून होत नाही, ती शब्दांनी होते. ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्रीय’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’, ‘रुपया’, ‘रूप’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘ॲल्युमिनियम’ यांसारख्या शब्दांतून वरखालच्या रचना, ‘र’ला लागणारे वेगळे उकार आणि इंग्रजीतून आलेले स्वर तपासले जातात. त्यानंतर सलग परिच्छेद १० ते १२ पॉइंट आकारात छापून वाचला जातो, तसेच वेगवेगळ्या पडद्यांवर व वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर पाहिला जातो. ओळींतील अंतरही याच टप्प्यावर नक्की होते. वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील रफार-अनुस्वार एकमेकांना भिडू नयेत म्हणून देवनागरीला रोमनपेक्षा अधिक उभी जागा लागते.

मराठीच्या विशेष गरजा

हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी आणि कोंकणी या भाषा एकच लिपी वापरत असल्या तरी त्यांच्या अपेक्षा सारख्या नाहीत. मराठीच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या ‘र’चे रूप. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. हा फरक केवळ सौंदर्याचा नसून अर्थाचा आहे. फॉन्टमध्ये या रूपाची सोय नसेल किंवा नियम चुकीचा असेल, तर वाक्याचा अर्थ बदलतो, किंवा ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांसारखे शब्द मोडक्या स्वरूपात दिसतात. युनिकोडमध्ये हे रूप ‘ऱ’ या वर्णानंतर हलन्तचिन्ह देऊन मिळते.

दुसरी बाब ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाची आहे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत, तर हिंदीच्या प्रभावाखालील फॉन्टमध्ये दंडयुक्त ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व लिपी प्रमाणित केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याविषयी सुधारित निर्णय काढला. ही वळणे त्या प्रमाणीकरणाचा भाग आहेत. बालभारतीच्या पुस्तकात एक ‘ल’ आणि भ्रमणध्वनीवर दुसरा ‘ल’ पाहणाऱ्या, नुकतेच अक्षर शिकणाऱ्या मुलाला याची अडचण जाणवू शकते.

तिसरी बाब म्हणजे भाषेनुसार रूप बदलण्याची सोय. ओपनटाइपमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले की मराठी वळण आपोआप दाखवता येते. पण त्यासाठी संकेतस्थळाच्या किंवा दस्तऐवजाच्या कर्त्याने भाषा योग्य नोंदवलेली असावी लागते, आणि बहुतेक वेळा ती नोंदवलेली नसते. टिरो टाइपवर्क्सने यावर सरळ उपाय केला. त्यांच्या देवनागरी फॉन्टची हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन स्वतंत्र रूपे उपलब्ध असून मराठी रूपात मराठी वळण मुळातच दिलेले आहे.

अंकीय माध्यमांतील वापर

फॉन्ट तयार झाला तरी तो वापरणाऱ्याच्या हातून बिघडू शकतो. माध्यमरचनेच्या विद्यार्थ्याला म्हणूनच फॉन्ट न बनवताही या विषयाची तोंडओळख लागते.

संकेतस्थळावर अक्षरांतील अंतर वाढवण्याची आज्ञा देवनागरीला दिल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. रोमन मथळ्यांत शोभणारी ही पद्धत देवनागरीत टाळली जाते. पृष्ठरचनेच्या काही आज्ञावल्यांत भारतीय लिप्यांसाठीची जुळणीपद्धत मुद्दाम निवडावी लागते. इनडिझाइनमध्ये ती न निवडल्यास वेलांट्या उलट बाजूला जातात आणि जोडाक्षरे सुटी होतात. चलच्चित्रात अक्षरे एकेक करून पडद्यावर आणायची असल्यास वर्णागणिक तोडणे चुकीचे ठरते, पूर्ण अक्षरगट हे एकक धरावे लागते. फॉन्टमध्ये तिरपे रूप नसताना आज्ञावलीने कृत्रिमरीत्या अक्षर झुकवले, तर उभे दंड व कमानी यांचा तोल जातो.

मराठी व इंग्रजी एकत्र वापरताना दोन्ही लिप्यांची उंची जुळवणे आवश्यक असते. एकाच आकड्याच्या आकारात देवनागरी अक्षरे बऱ्याचदा लहान भासतात. त्यामुळे दोन्ही लिप्या एकत्र आखलेले फॉन्ट सोयीचे पडतात. ‘पॉपिन्स’ हे त्याचे एक उदाहरण आहे. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी, तर रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी आखली आहे.

शिक्षण

महाराष्ट्रात अक्षररचनेचे औपचारिक शिक्षण मुख्यतः उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमातून मिळते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयाच्या परंपरेतून पुढे आलेली मुंबईची उपयोजित कला संस्था आणि पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय ही त्याची केंद्रे आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राची स्थापना १९६९ ची असून तेथे अक्षररचनेवर पदव्युत्तर व संशोधन स्तरावर काम होते. या केंद्राच्या पुढाकाराने २००८ पासून ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद भरवली जाते. गोव्यात पणजी येथील गोवा कला महाविद्यालयात उपयोजित कलेचे शिक्षण मिळते.

औपचारिक शिक्षणाबाहेरही हा विषय शिकण्याचा मार्ग खुला आहे. मुक्ता, बलू, मोदक, पॉपिन्स असे अनेक देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. या परवान्यानुसार फॉन्ट वापरता, अभ्यासता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो. मात्र केवळ तो फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही, आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली ठेवावा लागतो. मूळ रचनाकाराने नाव राखून ठेवले असल्यास नवे नाव द्यावे लागते. या फॉन्टची मूळ धारिका फॉन्टफोर्जमध्ये उघडून वेलांटीची किती रूपे केली आहेत, रफार कोठे टेकवला आहे आणि नियम कोणत्या क्रमाने लिहिले आहेत हे प्रत्यक्ष पाहता येते. पूर्वी खिळे कोरणाऱ्या कारागिराचे ज्ञान शिष्याला कार्यशाळेतच मिळत असे. मुक्त फॉन्टमुळे त्याचा काही भाग गावातील विद्यार्थ्यालाही उपलब्ध झाला आहे.

नवशिक्याने सामान्यतः पुढील क्रमाने जावे असे सुचवले जाते:

१. बोरूने किंवा तिरप्या टोकाच्या लेखणीने मूळ अक्षरांचा सराव करावा आणि जुन्या छापील पुस्तकांतील अक्षरे मोठी करून पाहावीत.
२. एक हेतू निवडून सहा ते आठ बीजाक्षरे कागदावर व नंतर पडद्यावर आखावीत.
३. केवळ त्या अक्षरांनी बनणारे शब्द जुळवून जाडी व अंतर ठरवावे.
४. आकारगटांनुसार उरलेली व्यंजने व स्वर पूर्ण करावेत.
५. काना, मात्रा, वेलांट्या, उकार व रफार जोडून एक साधा परिच्छेद बिनचूक दिसेपर्यंत थांबावे.
६. त्यानंतरच जोडाक्षरे वाढवावीत आणि शेवटी इतर जाड्या कराव्यात.

सुरुवातीच्या कामात काही उणिवा वारंवार आढळतात. संकल्पना इतकी सजावटी असते की ती ‘क’, ‘म’, ‘ल’ यांत खुलते, पण ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्व’ यांत मावत नाही. सर्व अक्षरे एकाच रुंदीत कोंबली जातात, त्यामुळे ‘ख’ व ‘झ’ काळे आणि ‘र’ व ‘ग’ पोकळ दिसतात. शिरोरेषेवरील जागा अपुरी ठेवल्यामुळे मात्रा व अनुस्वार दाटतात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे काम आकर्षक भित्तिपत्रकावर थांबते आणि टंकलिखित करता येईल असा फॉन्ट तयारच होत नाही. म्हणून आरंभीच जोडाक्षरे व मात्रा यांचा कच्चा आराखडा करून संकल्पनेची परीक्षा घेणे हिताचे ठरते. जी कल्पना ‘राष्ट्रीय’ या एका शब्दात टिकत नाही, ती पूर्ण फॉन्टमध्येही टिकत नाही.

हेही पाहा

• देवनागरी
• मोडी लिपी
• युनिकोड
• सुलेखन
• मुद्रणकला
• रघुनाथ कृष्ण जोशी
• निर्णयसागर छापखाना